नागीण गेली, आग राहिली

अंगावर नागीण उठली की आपल्याकडे अजूनही डॉक्टरच्या आधी गेरू लावणारा आठवतो. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, हे तर प्रत्येकीने आजीकडून ऐकलेलं असतं. खरं म्हणजे लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी वर्षानुवर्षं झोपून राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती कमी झाली की तो जागा होतो आणि एका नसेच्या वाटेने कातडीवर येतो. म्हणूनच फोड अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे उठतात. तोंड-शेपूट जुळायचा प्रश्न सहसा येतच नाही.

भीती बाळगायचीच तर वेगळ्या गोष्टीची बाळगा. फोड सुकतात, खपल्या पडतात, पण काहींच्या नसेला इजा झालेली असते आणि दुखणं महिनोन्‌महिने राहतं.

चौल-रेवदंड्याकडे महिला मंडळाच्या कामाने माझं घरोघरी जाणं होतं. तिथल्या एका पाखाडीतल्या काकू, साठी उलटलेल्या, सुपारीची वाडी एकहाती सांभाळणाऱ्या. नागीण बरी होऊन चार महिने झाले तरी त्यांना ब्लाउजचा काठ सहन होईना. "अगं, पंख्याचा वारा लागला तरी निखारा ठेवल्यासारखं होतं," म्हणायच्या. वर काहीच दिसत नाही, म्हणून घरच्यांना वाटे मनाचे खेळ आहेत. मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी पोट तेवढं बिघडलं. पुढे डॉक्टरांनी अ‍ॅमिट्रिप्टिलिन लिहून दिलं. नातवाने मोबाइलवर पाहून सांगितलं, ही डिप्रेशनची गोळी आहे. झालं! "मला काय वेड लागलंय?" म्हणून गोळ्या फडताळात गेल्या.

हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते. नेहमीची दुखण्याची गोळी सूज कमी करते. इथे सूज नसते, दुखावलेली नसच विनाकारण निरोप पाठवत राहते. तो निरोप मंद करणारी औषधं मुळात दुसऱ्या आजारांसाठी निघाली. अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन नैराश्यासाठी, गॅबापेन्टिन आणि प्रिगॅबालिन फिट्‌ससाठी. नसेच्या दुखण्यावर अ‍ॅमिट्रिप्टिलिन बहुधा 10 मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेने, रात्री सुरू करतात. गुण दिसायला काही आठवडे लागतात.

काकूंना हे पटलं आणि दीड महिन्याने आग निम्म्यावर आली. पूर्ण गेली नाही, पण रात्री झोप लागते. इतकं सगळ्यांनाच मिळतं असं मात्र नाही. गॅबापेन्टिनच्या चाचण्यांत दहापैकी तीन-चार जणांचं दुखणं निम्म्याने कमी झालं, तर औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत साधारण दोघांचं. म्हणजे एका गोळीने गुण आला नाही, तर आपलं नशीब खोटं असं नव्हे. डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा दुसरी गोळी देऊन बघतात.

या गोळ्यांनी चक्कर, गुंगी येते. रात्री उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, परसात एकट्या जाऊ नका. अ‍ॅमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो. काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगायलाच हवं. प्रिगॅबालिनने पाय सुजतात, वजन वाढतं. किडनी अधू असेल तर गॅबापेन्टिन, प्रिगॅबालिन कमी मात्रेत लागतं. झोपेच्या गोळ्या आणि दारू यांच्यासोबत ती धोक्याची. बरं वाटलं म्हणून एका दिवसात बंदही करायची नाहीत, हळूहळू उतरवायची. शेजारणीची चिठ्ठी दाखवून आणणं तर नकोच.

मधुमेहात तळपायांची जी आग होते, तीही याच घराण्यातली. तिथेही हीच औषधं चालतात, शिवाय साखर ताब्यात लागते. प्रिगॅबालिन आणि बी-12 एकत्र असलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास मिळतात. बी-12 चा उपयोग प्रामुख्याने ते कमी असेल तरच. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं, तेव्हा रक्त तपासून घ्यावं.

आणि नागीण नुकतीच उठली असेल, तर फोड आल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूवरचं औषध, म्हणजे असायक्लोव्हिरसारख्या गोळ्या, सुरू व्हायला हव्यात. गेरू लावण्यात हेच तीन दिवस जातात. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची लस 2023 पासून भारतात मिळते. दोन डोस, आणि महाग आहे.