पिंजऱ्यातलं पिल्लू का रडतं?

दोन महिन्यांचं पिल्लू घरी आणलं, की हल्ली त्याच्याबरोबर तारेचा एक पिंजराही येतो. दुकानदार त्याला क्रेट म्हणतो. पिल्लू त्यात राहिलं की घरभर शू करत नाही, चपला आणि वायरी कुरतडत नाही, घरातली माणसं निर्धास्त झोपतात, असं सांगितलं जातं. पहिल्या रात्री होतं ते मात्र वेगळंच. दार लागलं की पिल्लू आधी कुंई कुंई करतं, मग केकाटतं, मग दारावर पंजे मारू लागतं. शेजारी बेल वाजवतात. आणि कुणीतरी जाणता सल्ला देतो, "रडू द्या हो, दोन दिवसांत आपोआप गप्प होईल."

मला बोलायचं आहे ते या सल्ल्याबद्दल. पिल्लू बहुतेक वेळा गप्प होतं, हे खरं. पण ते सरावलं म्हणून गप्प झालं की थकून गप्प झालं, हे आपण बघत नाही.

आपल्या भाषेत कोंबडीला खुराडं आहे, गुरांना गोठा आहे, घोड्याला तबेला आणि पोपटाला पिंजरा. मोकाट जनावरांसाठी कोंडवाडासुद्धा आहे. कुत्र्याच्या घराला मात्र असा रुळलेला शब्द मला तरी आठवत नाही. त्याची जागा ओसरीवर, उंबऱ्याबाहेर, नाहीतर खळ्यावर. राखण करायची तर मोकळं असायलाच हवं. घरात पिंजरा ठेवण्याची पद्धत आपल्याकडे अमेरिकेच्या वळणानं आली. तिथे ती सर्रास आहे. उलट स्वीडनमध्ये घरी कुत्र्याला असं पिंजऱ्यात कोंडून ठेवायला कायद्यानंच मनाई आहे. प्रवासासारखे काही अपवाद तेवढे आहेत. तेव्हा पिंजऱ्याशिवाय कुत्रं वाढतच नाही, असं काही नाही.

पिंजऱ्याचे पुरस्कर्ते म्हणतात, कुत्रा मुळात गुहेत राहणारा प्राणी आहे. हे अर्धंच खरं. लांडगी पिल्लांसाठी बीळ करते, पण पिल्लं थोडी मोठी झाली की ती बिळाबाहेर राहू लागतात. शिवाय बिळाला दार नसतं. पिल्लाला आडोसा आवडतो, पलंगाखाली शिरायला आवडतं, याचा अर्थ त्याला कडी लावलेली आवडते असा होत नाही.

मग रडणं कशाचं? आपल्याकडच्या २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे घरी येणारं पिल्लू कालपर्यंत भावंडांच्या ढिगात, एकमेकांच्या अंगावर झोपत होतं. आज ते एकटं आहे आणि वासही सगळे परके. एवढ्याशा जिवाजवळ आईला बोलावण्याचं साधन एकच, आवाज. याक पांकसेप या मेंदूशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७८मध्ये दाखवलं, की एकट्या ठेवलेल्या पिल्लांचं रडणं मॉर्फिनच्या अगदी अल्प मात्रेनं, गुंगी येणार नाही इतक्या कमी मात्रेनं थांबतं. शरीराच्या दुखण्यावर चालणारं औषध ताटातुटीवरही चालतं. हट्टाला मॉर्फिन कशाला लागेल?

दुसरं उदाहरण त्याहून जुनं आणि प्रसिद्ध शास्त्रज्ञाचं आहे. इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत एक कुत्रा होता. एरवी गरीब, माणसाळलेला. पण प्रयोगाच्या चौकटीत पट्ट्यांनी बांधलं की झटापट करायचा, अस्वस्थ व्हायचा. पाव्हलॉव्हनी याला स्वातंत्र्याचा प्रतिक्षेप म्हटलं. शेवटी उपाय केला तो असा, की त्याला रोजचं खाणं फक्त त्या चौकटीतच द्यायचं. सुरुवातीला तो नीट खाईना, वाळला. पुढे हळूहळू स्थिरावला. आपण उपाशी ठेवण्याचा तो भाग सोडून द्यावा. पण अन्न आणि जागा यांची सांगड घालायची, हे सूत्र आजही तेच आहे.

तर करायचं असं. पहिले काही दिवस पिंजऱ्याचं दार काढून ठेवा किंवा मागे बांधून टाका. आत जुनी चादर घाला, आईच्या अंगाचा वास असलेलं फडकं मिळालं तर उत्तमच. जेवणाची वाटी आधी दाराशी, मग थोडी आत, मग अगदी मागच्या बाजूला. पिल्लू आपण होऊन आत जाऊन पडू लागलं, की खाताना क्षणभर दार लोटा आणि त्यानं मान वर करायच्या आत उघडा. मग पाच सेकंद, मग अर्धा मिनिट. कडी लावणं ही शेवटची पायरी आहे, आणि बहुतेक जण सुरुवातच तिथून करतात. शिक्षा म्हणून आत घालणं तर नकोच. आठवड्याची मेहनत एका मिनिटात जाते.

रात्री पिंजरा तुमच्या अंथरुणाशेजारी हवा, स्वयंपाकघरात किंवा गॅलरीत नको. हात खाली सोडला तर पिल्लाला तो हुंगता आला पाहिजे. जवळ घेतल्यानं लाडावेल, ही भीती बाळगू नका. धीर दिल्यानं भीती वाढत नाही. शिवाय दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडे शू आवरत नाही, तेव्हा मध्यरात्रीचं रडणं हे पुष्कळदा साधं 'बाहेर न्या' असतं. न्यावं, खेळू नये, परत आणून झोपवावं. आणि उन्हाळ्यात गॅलरीतल्या पिंजऱ्यात कुत्रं ठेवणं जिवावरचं आहे. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग गार करतं. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेही धड जमत नाही.

कुरकुर आणि घबराट यांतला फरक मात्र ओळखायला हवा. दोन मिनिटं कुरकुरून पिल्लू आडवं झालं, तर घाई नको. पण लाळ गळते आहे, गज चावले जात आहेत, नाक किंवा नखं सोलवटली आहेत, आतच शी झाली आहे, तर ते शिकणं नव्हे. दार उघडा. अशी घाबरलेली कुत्री दात मोडून घेतात. रस्त्यावरून उचललेल्या पिल्लाला तर कोंडलं जाण्याची सवयच नसते. त्याच्यासाठी एक छोटी खोली, किंवा दाराला आडवी फळी लावून केलेला कोपरा पुरतो. खाली वर्तमानपत्रं, वायरी वर उचललेल्या. माणसं दिसली, आवाज आले, की निम्मं काम होतं. तरीही घबराट कमी होत नसेल, तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

दोन-तीन महिन्यांनी पिंजऱ्याची पुन्हा ओळख करून द्यायला हरकत नाही. प्रवासात किंवा दवाखान्यात ठेवायची वेळ आली, तर ती उपयोगी पडते. त्या वेळी जागा बदला आणि चादरही नवी घाला. जुन्या चादरीला त्या पहिल्या रात्रीचा वास असतो.