ईमची वेस

नावाच्या स्पेलिंगवर जाऊ नका. गावाचे नाव ‘ईम’ असेच उच्चारायचे. इंग्लंडच्या डर्बीशायरमधले हे छोटेसे डोंगरी गाव. भाचा शेफील्डला असतो, त्याच्यामुळे तिथे जाणे झाले. गावात रेल्वे नाही. एक शाळा, जुने चर्च, चहापाण्याची सोय आणि १९९४ साली उघडलेले संग्रहालय. तासाभरात गाव पाहून होते. पण काही घरांपुढच्या पाट्या वाचू लागलो आणि पाय अडखळला. त्या घरात १६६५-६६ च्या प्लेगमध्ये कोण कोण गेले, त्यांची नावे तिथे लिहिली आहेत.

लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडाच्या गाठोड्यातून पिसवांबरोबर साथ आली, असे सांगतात. सप्टेंबर १६६५ मध्ये जॉर्ज व्हिकार्स हा पहिला बळी गेला. पुढच्या जूनमध्ये साथ पुन्हा भडकली, तेव्हा धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांनी गावकऱ्यांना वेशीबाहेर न जाण्याची गळ घातली. त्यांच्याआधीचे, पदावरून दूर केलेले थॉमस स्टॅन्ली मतभेद विसरून त्यांच्या पाठीशी उभे राहिले. चर्च बंद करून प्रार्थना उघड्यावर होऊ लागली. आपापल्या माणसांना घरच्यांनीच पुरायचे ठरले. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले पुरली.

मॉम्पेसन यांनी स्वतःची मुले मात्र आधीच बाहेरगावी पाठवली होती. हे वाचून क्षणभर राग आला. पण पत्नी कॅथरीन त्यांच्याजवळ राहिली आणि ऑगस्ट १६६६ मध्ये प्लेगनेच गेली. साथ संपेपर्यंत गावातली सुमारे २६० माणसे दगावली.

संध्याकाळी आम्ही शेतातून वेशीवरच्या दगडापाशी गेलो. त्याला भोके आहेत. त्यांत व्हिनेगर घालून गावकरी पैसे ठेवत. शेजारच्या गावचे लोक धान्य, सामान ठेवून ते पैसे उचलत. पैशाबरोबर रोग जाऊ नये म्हणून ही खबरदारी.

आपण सीमाभागातली माणसे. सीमा म्हटले की आपल्याला मोर्चे, ठराव आणि कोर्टाच्या तारखा आठवतात. पलीकडच्या गावाचा जीव वाचावा म्हणून कोणी स्वतःवर सीमा घालून घेतली, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. २०२० च्या टाळेबंदीत आपल्याकडे गावोगावी रस्त्यावर काटे टाकले होते, ते बाहेरच्यांना अडवायला. त्या दगडाच्या एका भोकात कुणीतरी ठेवलेले नाणे दिसले. खिसा चाचपून मीही एक ठेवले.