एक की-बोर्ड, चार संगणक आणि थोडी बनवाबनवी

गाळप हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूरचा पट्टा रात्रीही जागा असतो. सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर, शेटफळगढे, सगळीकडे गव्हाणीत ऊस पडतच असतो. रस्त्यावरून आपल्याला दिसतात त्या उसाच्या गाड्या आणि चिमणीचा धूर. आतलं काम मात्र बरंच बदललंय. बॉयलरपुढे घाम गाळत उभं राहून दाबाचे काटे वाचण्याचे दिवस मागे पडले. बगॅस जाळून वीज करणाऱ्या कारखान्यात वाफेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ६० किलोच्याही वर जातो, आणि ड्रममधली पाण्याची पातळी, टर्बाइनचा वेग, ग्रीडला जाणारी वीज हे सगळं ऑपरेटर नियंत्रण कक्षात बसून पडद्यावर पाहतो.

पडद्यामागे संगणक एक नसतो, अनेक असतात. प्रत्येकाचा की-बोर्ड आणि माउस टेबलावर मांडला, तर ऐन घाईत हात भलत्याच माउसवर जाणार. शिवाय संगणकाची जागा मुळात टेबलाखाली नाहीच. बगॅसची भुकटी पंख्यात शिरते, उष्णता आणि हादरे हार्ड डिस्कला सोसत नाहीत. त्यामुळे संगणक बंद, थंड खोलीत आणि माणूस आपल्या खुर्चीवर, ही विभागणी शहाणपणाची. ती ज्या उपकरणामुळे जमते त्याला म्हणतात केव्हीएम : की-बोर्ड, व्हिडिओ आणि माउस या तिघांची आद्याक्षरं.

तत्त्व नीरा डाव्या कालव्याच्या पाळीसारखं आहे. चारी एक, शेतं अनेक. ज्याची पाळी त्याच्याकडे पाणी. केव्हीएम स्विचला चार संगणक जोडायचे, एक पडदा, एक की-बोर्ड, एक माउस जोडायचा आणि बटण दाबून पाळी बदलायची. बऱ्याच स्विचमध्ये ‘स्क्रोल लॉक’ दोनदा दाबलं तरी पाळी बदलते. या बापड्या कळीला आजच्या जगात दुसरं काम फारसं उरलेलं नाही.

पण पाळी नसलेलं शेत गप्प बसतं, संगणक बसत नाही. पडदा जोडल्याबरोबर संगणक त्याला विचारतो, तू कोण, तुझी लांबी-रुंदी किती? पडद्याच्या पोटातली किमान १२८ बाइटची एक छोटी माहितीपत्रिका त्याला उत्तर देते. तिला ईडीआयडी म्हणतात. साध्या स्विचने पाळी बदलली की मागच्या संगणकाला वाटतं, पडदाच उपटला गेला. मग तो उघड्या खिडक्या इकडेतिकडे फेकतो, चित्राचा आकार बदलतो. की-बोर्डचं तसंच. यूएसबी तुटली असं समजून पुढच्या वेळी संगणक त्याची नव्याने ओळख करून घेतो, त्यात एक-दोन सेकंद जातात. बॉयलरचा अलार्म वाजत असताना हे सेकंद फार मोठे असतात.

जुन्या संगणकांची तर वेगळीच तऱ्हा. वीज जाऊन आली, यंत्र पुन्हा सुरू झालं आणि त्या घडीला की-बोर्ड हाती लागला नाही, तर पडद्यावर तक्रार येते : की-बोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा. कशाने दाबायचं, हे ते यंत्र सांगत नाही.

म्हणून चांगला केव्हीएम थोडी बनवाबनवी करतो. प्रत्येक संगणकाला तो स्वतःच एक नकली की-बोर्ड आणि नकली माउस दाखवत राहतो आणि पडद्याची माहितीपत्रिका आपल्याकडे जपून ठेवतो. चारही संगणकांना वाटतं, आपला मालक आपल्यासमोरच बसलाय. स्वस्त आणि महाग स्विचमधला खरा फरक हाच. खोक्यावर किती पोर्ट लिहिलेत ते बघून खरेदी करणारे पुष्कळ भेटतात. मी आधी हे फसवण्याचं कसब बघेन.

दुसरा प्रश्न अंतराचा. यूएसबी २.० ची साधी तार ५ मीटरपर्यंतच भरवशाची. एचडीएमआयची साधी तांब्याची तार १०-१५ मीटरपुढे कुरकुरायला लागते. चित्र चमकतं, मध्येच गायब होतं. कारण ओझंच तेवढं असतं. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं, हिशेब ३ गिगाबिटच्या आसपास जातो. अंतर वाढवायला एक्स्टेंडरची जोडी लावतात. एक डबी संगणकाजवळ, दुसरी माणसाजवळ आणि मध्ये कॅट-६ ची तार, साधारण १०० मीटरपर्यंत. तार आणि पिन नेटवर्कचीच, पण आतली भाषा अनेकदा वेगळी असते. अशा जोडीच्या मध्ये ऑफिसातला नेटवर्क स्विच घुसवला की चित्र येत नाही आणि दोष बिचाऱ्या डबीला लागतो.

दोन इमारतींमध्ये तार टाकायची असेल तर माझं मत सरळ फायबरच्या बाजूने. मोठ्या मोटारी आणि त्यांचे ड्राइव्ह तांब्याच्या तारेत गोंगाट सोडतात. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असू शकतो. शिवाय एप्रिल-मेमध्ये वळवाच्या विजा कडाडतात, तेव्हा उघड्यावरून गेलेली तांब्याची तार तो धक्का थेट पोर्टपर्यंत आणते. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. अंतरही किलोमीटरांत मोजता येतं.

तिसरी तऱ्हा नेटवर्कवरून जाणाऱ्या केव्हीएमची. यात चित्र दाबून लहान करतात आणि पाकिटांतून पाठवतात, त्यामुळे पुण्यात बसूनही इंदापूरचा सर्व्हर हाताळता येतो. मग एनीडेस्क काय वाईट, असं कुणी म्हणेल. एनीडेस्क चालतं ते विंडोज चालू असेल तोवर. विंडोजच बसलं, तर केव्हीएमवरून बायोसच्या निळ्या पानापर्यंत जाता येतं. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये ही सोय आतच असते, आणि हौशी लोकांनी रास्पबेरी पायच्या चिमुकल्या बोर्डावर ‘पायकेव्हीएम’ उभा केलाय. तो मी निःसंकोच सुचवेन, पण इंटरनेटला उघडा ठेवून नव्हे.

हा इशारा कारखान्यात जास्तच लागू आहे. बॉयलर चालवणारं नेटवर्क आणि ईमेल उघडणारं ऑफिसचं नेटवर्क वेगळं ठेवायचं असतं. दोन्हीकडचे संगणक एकाच स्विचला जोडले, की त्या भिंतीला एक फट पडते. स्विचच्या यूएसबी पोर्टात लावलेला पेनड्राइव्ह पाळी बदलली की दुसऱ्या संगणकात उघडतो. संवेदनशील जागांसाठी असे केव्हीएम मिळतात, ज्यांत कळा दाबल्याची खबर एकाच दिशेने जाते आणि की-बोर्ड-माउसशिवाय काही जोडूनच घेतलं जात नाही.

बारामतीच्या भिगवण रस्त्यावरच्या एखाद्या दुकानाला हे सगळं कशाला? बहुतेकदा नकोच. बिलाचा संगणक आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर अशी जोडी असेल, तर दोन एचडीएमआय असलेला पडदा घ्यावा आणि डीव्हीआरचा माउस बाजूला पडू द्यावा. स्विच घ्यायचाच झाला, तर काही डीव्हीआरना त्यातला नकली माउस ओळखताच येत नाही, तिथे साधा स्विचच बरा पडतो. दोन संगणक, दोन पडदे आणि माउस एकच हवा असेल, तर ‘माउस विदाउट बॉर्डर्स’ मायक्रोसॉफ्ट फुकट देतं. दोन्ही यंत्रं एकाच नेटवर्कवर असली म्हणजे झालं.

कारखान्यात केव्हीएम जोडण्याचं काम उन्हाळ्यात, ओव्हरहॉलिंगच्या दिवसांत उरकायचं. जोडणी झाली की एक परीक्षा घ्यावी. स्विच पहिल्या संगणकावर ठेवून दुसऱ्याची वीज तोडायची आणि पुन्हा द्यायची. तो पडद्याची, की-बोर्डची तक्रार न करता उभा राहिला, तर तिसऱ्याकडे वळायचं, मग चौथ्याकडे. एकही अडला, तर मोळी टाकायच्या आत विक्रेत्याला बोलवायचं.