हद्द कोणाची, वर्दी कोठें?

शेतकऱ्याचें पोलिसांशीं काम वर्षानुवर्षें पडत नाहीं. पण पडतें तेव्हां बहुधा नुकसान झाल्यावरच पडतें. विहिरीवरील विजेचा पंप रात्रींतून नाहींसा होतो, गोठ्यांतील बैलजोडी कोणी सोडून नेतो, किंवा बाजारास निघालेल्या मालावर वाटेंत हात मारला जातो. अशा वेळीं जवळच्या ठाण्यावर धांव घ्यावी, तों “ही आमची हद्द नव्हे” असें उत्तर मिळण्याचा संभव असतो. आणि दुसऱ्या ठाण्याची वाट धरीपर्यंत चोरानें अर्धा जिल्हा ओलांडलेला असतो. पुणें शहर व त्याच्या भोंवतालचा मुलूख यांत हा घोटाळा विशेष होतो. कारण येथें पोलिसांच्याच तीन निरनिराळ्या हद्दी एकमेकींस लागून आहेत, व त्यांखेरीज आणखी कित्येक खातीं आपापला अधिकार चालवितात. ही वांटणी कशी झाली आहे, आणि ती ठाऊक नसली तरी शेतकऱ्याचा हक्क कां बुडत नाहीं, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

अधिकार वांटून देण्याची रीत नवी नव्हे. पेशवाईंत पुणें शहराचा बंदोबस्त कोतवालाकडे असे. खेड्यांत तें काम पाटील व त्याच्या हाताखालील रामोशी-जागले पाहत. एका माणसाच्या हातीं बेसुमार सत्ता गेली म्हणजे काय होतें, हें पुणेंकरांनीं १७९१ सालीं पाहिलें. घाशीराम कोतवालाच्या कैदेंत कोंडलेलीं माणसें गुदमरून मेलीं, व खवळलेल्या लोकांनीं त्याला दगडांनीं ठेचून मारलें. तेव्हां अधिकाराला हद्द असणें हें प्रजेच्या हिताचेंच आहे. परंतु हद्द म्हणजे अडसर नव्हे, हेंही त्या काळच्या गांवकऱ्यांस कळत होतें. चोरी झाली कीं गांवचा रामोशी चोराच्या पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जाई. तेथें तो माग पुढच्या गांवच्या रखवालदारांस दाखवून देई, आणि तेथून पुढची जबाबदारी त्या गांवची होई.

आजची व्यवस्था अशी आहे. पुणें शहराचें पोलिस आयुक्तालय १ जुलै १९६५ पासून आहे. पिंपरी-चिंचवडचें स्वतंत्र आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजीं सुरू झालें. बाकीचा जिल्हा पुणें ग्रामीण पोलिसांच्या अधीक्षकांकडे आहे. या हद्दी मात्र स्थिर राहिलेल्या नाहींत. चाकण, आळंदी, तळेगांव व देहूरोड हीं ठाणीं २०१८ सालीं ग्रामीणांतून निघून पिंपरी-चिंचवडकडे गेलीं. लोणी काळभोर व लोणी कंद हीं २०२१ सालीं पुणें शहराकडे आलीं. चाकणच्या शिवारांतील शेतकऱ्याचा सात-बारा पूर्वीप्रमाणेंच खेड तालुक्याच्या दप्तरांत राहिला, पण त्याचें ठाणें मात्र आयुक्तांच्या हाताखालीं गेलें. महसुलाची शीव व पोलिसांची शीव एकच असते असें समजून चालणें म्हणूनच चुकीचें आहे.

आयुक्त व अधीक्षक यांच्या अधिकारांतही भेद आहे. एखाद्या गुंडास तडीपार करण्याचा हुकूम आयुक्तालयाच्या हद्दींत पोलिस अधिकारीच काढतात. ग्रामीण भागांत पोलिसांनीं प्रस्ताव पाठवावा व हुकूम प्रांताधिकाऱ्यांनीं काढावा, अशी रीत आहे. गांवास गुंडाचा उपद्रव होत असेल, तर अर्जाची एक प्रत प्रांताच्या कचेरींतही द्यावी ती याच कारणासाठीं.

आतां मुख्य प्रश्न. वर्दी नेमकी कोठें द्यावी? १ जुलै २०२४ रोजीं अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानें याचें उत्तर स्पष्ट दिलें आहे. दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दींत घडलेला असो, त्याची खबर कोणत्याही ठाण्यावर देतां येते. ती लिहून घेणें, फिर्यादीस वाचून दाखविणें, तिच्यावर त्याची सही घेणें व तिची नक्कल विनामूल्य देणें हें ठाण्याचें कर्तव्य आहे. हद्द दुसऱ्याची असल्यास शून्य क्रमांकानें नोंद करून कागद योग्य ठाण्याकडे धाडावयाचा, हें कामही पोलिसांचेंच. रामोशानें माग शिवेवर सोंपवावा, तसाच हा कागद एका ठाण्यानें दुसऱ्याकडे सोंपवावयाचा असतो. फिर्यादीनें तो हातांत घेऊन वणवण करावयाची नसते.

खबर घेण्यास कोणी नकार दिला, तर तिचा मजकूर लेखी करून टपालानें जिल्ह्याच्या पोलिस अधीक्षकांकडे, व आयुक्तालयाच्या हद्दींत त्या परिमंडळाच्या उपायुक्तांकडे, पाठवावा. तेथेंही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करतां येतो. किरकोळ शिवीगाळीसारखे अदखलपात्र प्रकार मात्र निराळे. त्यांची नोंद होते, पण न्यायदंडाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून पोलिसांस तपास करतां येत नाहीं. चोरी वाटेंत झाली असेल, तर ती नेमकी कोणत्या मैलावर झाली हें सिद्ध करीत बसण्याचें कारण नाहीं. प्रवासांत घडलेल्या गुन्ह्याची चौकशी त्या प्रवासाच्या मार्गांतील कोणत्याही हद्दीच्या न्यायालयांत होऊं शकते. बारामतीहून गुलटेकडीस भाजी आणणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें. प्रसंग चालू असतांनाच मदत हवी असेल, तर ११२ हा क्रमांक सर्व हद्दींस एकच आहे.

पोलिसांखेरीज इतर खात्यांचीही ओळख असावी. आगगाडींत किंवा स्टेशनांत सामान चोरीस गेल्यास तपास लोहमार्ग पोलिसांचा. हें दल राज्य सरकारचें आहे. रेल्वेच्या स्वतःच्या मालमत्तेचें रक्षण करणारें रेल्वे सुरक्षा दल केंद्र सरकारचें आहे. लष्कर पोलिस ठाणें हें नांवावरून फौजेचें वाटतें, पण तें पुणें शहर पोलिसांचेंच ठाणें आहे. फौजेचे पोलिस वेगळे, व त्यांचा अधिकार मुख्यतः फौजेंतील माणसांवर चालतो. गांवांत हातभट्टी चालत असेल, तर पोलिस व राज्य उत्पादन शुल्क खातें या दोहोंकडेही अर्ज करतां येतो. फेरफाराच्या नोंदीसाठीं कोणी लांच मागितल्यास ती देण्यापूर्वींच लांचलुचपत प्रतिबंधक खात्यास १०६४ या क्रमांकावर कळवावें. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाची मुख्य कचेरी पुण्यांतच आहे. परंतु त्या विभागाकडे सरकार, पोलिस महासंचालक किंवा न्यायालय यांनीं सोंपविलेलीं प्रकरणें जातात, पंपाच्या चोरीची वर्दी तेथें द्यावयाची नसते. बिबट्यानें वासरूं मारलें, तर वनखात्यास तातडीनें कळवावें व पंचनामा होईपर्यंत मेलेलें जनावर जाग्यावरून हलवूं नये.

कांहीं तंटे तर मुळांत पोलिसांचे नसतातच. बांध कोरला, वहिवाटीचा रस्ता अडविला, पाटाचें पाणी तोडलें, अशा कामीं १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखालीं तहसीलदाराकडे दाद मागतां येते. मोजणी भूमि अभिलेख खात्याची. मालकी कोणाची हें ठरविणें दिवाणी न्यायालयाचें. मारामारी झाली तरच पोलिसांचा हात लागतो, आणि मारामारीनें बांध सरळ होत नाहीं. त्यांत दोन्ही पक्षांचे खटले मात्र उभे राहतात व सुगीचे दिवस कोर्टाच्या पायऱ्यांवर जातात.

गांवीं चोरी झाल्यास पोलिस पाटलास अवश्य कळवावें. १९६७ च्या ग्राम पोलिस कायद्याप्रमाणें पुढें कळविणें त्याचें कर्तव्य आहे. परंतु तेवढ्यावर न थांबतां ठाण्यावर स्वतःही खबर द्यावी. पंपाचा क्रमांक, खरेदीची पावती, जनावराच्या कानांतील बिल्ल्याचा आंकडा हे कागद एका ठिकाणीं ठेवावेत. वर्दीची नक्कल घेतल्यावांचून ठाण्याबाहेर पडूं नये, आणि ती दुसऱ्या ठाण्याकडे गेली असल्यास त्या ठाण्याचें नांव व तारीख तिच्यावरच लिहून घ्यावी. सरकारनें हद्दी आंखल्या त्या आपल्या कारभाराच्या सोयीसाठीं. त्यांचा भार ज्याचा माल गेला त्याच्या डोक्यावर नाहीं, हें प्रत्येक शेतकऱ्यानें जाणावें व आपल्या शेजाऱ्यासही सांगावें.