गॅस वापरतो, मग विहिरीला नाही कसं म्हणायचं?

गटाच्या बैठकीत जंगलातल्या गॅसच्या विहिरींचा विषय निघाला, तेव्हा एका ताईंनी आम्हाला अडवलं. "सिलिंडर तर आपणही लावतो. मग विरोध कोणत्या तोंडानं करायचा?" प्रश्न खरा आहे. आमचाही चहा गॅसवरच होतो. पण गॅस हवा म्हणून तो कुठूनही काढा, असं आपण कधी म्हटलं?

आसाममध्ये तिनसुकिया जिल्ह्यात बागजान गाव आहे. शेजारी दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान आणि मागुरी-मोटापुंग हे मोठं पाणथळ. जमिनीखाली गॅस फार दाबानं कोंडलेला असतो. २७ मे २०२० रोजी तिथल्या विहिरीतून तो, कुकरची शिट्टी उडावी तसा, उसळला. सोबतचं तेल शेतांवर, चहाच्या मळ्यांवर, पाण्यावर पडलं. मासे मेले, नदीतला डॉल्फिन मेलेला सापडला. ९ जूनला आग लागली, ती विझवणारे दोघं गेले. हजारो माणसं घरं सोडून छावणीत राहिली. आग पूर्ण विझायला नोव्हेंबर उजाडला. हे सरकारी कंपनीच्या विहिरीवर घडलं, कुणा चोरट्या खाणीवर नाही.

त्याच वर्षी जानेवारीत केंद्रानं तेल-गॅस शोधण्याच्या खोदकामाला जनसुनावणीतून सूट दिली होती. म्हणजे शोधाची विहीर खणताना लोकांना विचारायला मांडव घातलाच पाहिजे, असं उरलं नाही.

मग आपल्या हातात काय? ग्रामसभा. अक्राणी, अक्कलकुव्याच्या डोंगरात आपण मोहफुलं, चारोळी वेचतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ते जंगल, तिथले प्राणी, पाणवठे राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. ओडिशात नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण येणार होती. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितलं. बारा गावच्या सभा बसल्या, बाराही नाही म्हणाल्या. खाण झाली नाही.

आणि बायांनो, या कायद्याच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात. हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात, नाहीतर सभा भरलीच नाही. तरी होतं काय? रजिस्टर घरी येतं, आपण चुलीपाशीच अंगठा देतो. त्या अंगठ्यानं आपण हजर ठरतो आणि ठरावही आपलाच ठरतो. पुढच्या वेळी रजिस्टर दारात आलं, तर वर काय लिहिलंय ते आधी गटातल्या वाचणाऱ्या मुलीकडून मोठ्यानं वाचून घ्या. पान कोरं असेल तर पेन परत द्या.