भुतांच्या मानगुटीवर

२००३ चा ‘द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन’ आपल्याकडे लक्षात राहिला तो कॅप्टन नेमो झालेल्या नसीरुद्दीन शाह यांच्यामुळे. नेमोच्या पंगतीला होते रक्तपिपासू मीना हार्कर, जेकिल-हाइड, डोरियन ग्रे आणि एक अदृश्य माणूस. ‘एक’ यासाठी, की एच. जी. वेल्सच्या कादंबरीतल्या मूळ अदृश्य माणसाचे हक्क काही हाती लागले नाहीत. मग रॉडनी स्किनर नावाचा नवाच इसम उभा केला गेला. हा धंद्याने चोर, अदृश्य होण्याचे औषध त्याने मूळ शास्त्रज्ञाकडून ढापलेले! इतकी उघड कबुली एखाद्या पटकथेने क्वचितच दिली असेल.

चित्रीकरण चालू असताना ऑगस्ट २००२ मध्ये प्रागला महापूर आला आणि नेमोच्या पाणबुडीतून फिरणाऱ्या या मंडळींचेच सेट पाण्यात गेले. पण खरा पूर चित्रपटाचा नायक शॉन कॉनरी आणि दिग्दर्शक स्टीफन नॉरिंग्टन यांच्यात आला होता. कॉनरींनी आधी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधली गँडाल्फची भूमिका सोडली होती, म्हणे गोष्टच कळेना. ‘लीग’चीही कळली नव्हती, या खेपेला मात्र त्यांनी होकार दिला. दोघांचे इतके बिनसले की चित्रपटाच्या प्रीमियरला दिग्दर्शकच गैरहजर. पुढे कॉनरी कुठल्याच चित्रपटात पडद्यावर दिसले नाहीत आणि नॉरिंग्टननीही पुन्हा चित्रपट दिग्दर्शित केला नाही. सामना बरोबरीत सुटला म्हणायचा.

सेटवरचे संकट ‘द ममी’लाही (१९९९) चुकले नाही. त्याच्या मोरोक्कोतल्या चित्रीकरणात फाशीचा प्रसंग होता. ब्रेंडन फ्रेझरच्या गळ्यातला फास खरोखरच आवळला आणि गडी बेशुद्ध. फ्रेझर सांगतो, दोर नको तितका ताणला गेला. दिग्दर्शक स्टीफन सॉमर्स म्हणतात, फास त्यानेच घट्ट केला. शुद्धीवर आल्यावर साहसदृश्यांच्या प्रमुखाने त्याचे स्वागत केले: ‘ब्रेव्हहार्ट’च्या वेळी मेल गिब्सनचेही असेच झाले होते, आता तूही आमच्या मंडळात! कलाकारांचा अपहरणाचा विमाही उतरवला होता. ही बातमी त्यांना कळली चित्रीकरण आटोपल्यावर.

२०१७ मध्ये ‘ममी’वाल्या युनिव्हर्सल स्टुडिओने भुतांचे अख्खे एकत्र कुटुंब जाहीर केले: ‘डार्क युनिव्हर्स’. टॉम क्रूझ, रसेल क्रो, हाविएर बार्देम, सोफिया बुटेला आणि अदृश्य माणूस होणारे जॉनी डेप यांचा झोकदार फोटो छापून आला. तोही जोडकाम केलेला. पाचही जण एका वेळी एका खोलीत नव्हतेच. क्रूझचा नवा ‘ममी’ आपटला आणि बिऱ्हाड मोडले. अदृश्य माणूस मात्र २०२० मध्ये एकटाच आला, सुमारे ७० लाख डॉलरच्या किरकोळ खर्चात, आणि जोरात चालला.

त्यात डेप नव्हते. त्यांचा अदृश्य माणूस दिसला तो फक्त त्या फोटोत.