ध्रुवीय रात्रीतले वाटाडे
नॉर्वेच्या स्वालबार्डमधलं लाँगइयरब्येन, ७८ अंश उत्तर! ऑक्टोबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत इथं सूर्य उगवतच नाही. तरी हिवाळी पर्यटन चालतं, ते गाइडच्या भरवशावर.

🔸 गावाबाहेर ध्रुवीय अस्वलांचा धोका. गाइडकडे अस्वल पिटाळायला फ्लेअर गन आणि अगदी शेवटचा उपाय म्हणून रायफल असते.
🔸 हिमस्खलनाचा अंदाज, हिमनदीतल्या भेगा, वारा हे सगळं पाहूनच वाट ठरते.
🔸 पर्यटकाच्या नाका-गालावर पांढुरका डाग दिसला, की हिमदंशाची सुरुवात ओळखून लगेच ऊब द्यायची.

स्वालबार्डमध्ये राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. पण नॉर्वेमार्गे पोहोचायला आपल्याला शेंगेन व्हिसा हवाच.

कधी गेलात, तर गाइड "मागे फिरू" म्हणताच फिरा. तिथं त्याचाच शब्द अखेरचा!